सहाशे अडतीस ठिपके

कोकणात शून्य हा आकडा फार त्रास देतो. विदर्भातल्या नकाशात एखाद्या ठिपक्याची उंची शून्य आली तर तो डोळे मिटून उडवावा, कारण तिथे समुद्रसपाटीला जमीनच नाही. रत्नागिरीत तसं करता येत नाही. मांडवीच्या किनाऱ्यावर, भाट्याच्या वाळूत, खाडीकाठच्या खाजणात उंची खरोखरच शून्याच्या आसपास असते. त्यामुळे फाइलमध्ये शून्य दिसलं की प्रश्न पडतो, हा समुद्र आहे की "माहीत नाही" आहे? कारण एका सॉफ्टवेअरमधून दुसऱ्यात जाताना रिकामे रकाने कधी कधी मुकाट्याने शून्य होऊन बसतात.

गेले तीन वीकेंड मी असल्या शून्यांच्या मागे आहे. ऑफिसात दिवसभर दुसऱ्यांचा डेटा साफ करतो आणि शनिवारी घरी बसून तेच करतो, यावर बायकोने काय म्हटलं ते इथे लिहीत नाही. :-)

तर प्रकरण असं. रत्नागिरी शहराच्या पूर्वेला पंधरा-वीस किलोमीटरवर आमची वाडी. चाळीसेक घरं, त्यातली निम्मी मे महिन्यात आणि गणपतीत उघडणारी. विहिरीवरून पंपाने पाणी वर सड्याच्या कडेला चढवायचं, तिथे टाकी बांधायची आणि टाकीतून उताराने सगळ्या घरांना नळ द्यायचे, अशी योजना वर्गणी काढून ठरली. टाकीची जागा मुंबईकर मंडळींनी व्हॉट्सअ‍ॅपवर नक्की केली. इंटरनेटवर नकाशा उघडून दोन ठिकाणी बोट ठेवलं, टाकीची जागा सगळ्यात वरच्या घरापेक्षा नऊ मीटर उंच निघाली, सगळ्यांनी अंगठे पाठवले. काकांना मात्र ते पटेना. ते म्हणाले, "मी रोज त्या पाखाडीने चढतो, मला नऊ मीटरचा दम लागत नाही." मग माणूस बोलावून दोन दिवस मोजणी झाली आणि ६३८ ठिपक्यांची एक फाइल माझ्या मेलबॉक्सात आली. "तू कॉम्प्युटरवाला ना, बघ जरा."

फाइल उघडली क्यूजीआयएसमध्ये. हे सॉफ्टवेअर फुकट आहे, २००२ पासून जगभरातले लोक मिळून ते लिहितात, आणि ज्याला नकाशाची थोडीशीही खाज आहे त्याने ते एकदा तरी उतरवून घ्यावं. पहिल्याच झटक्याला आमची वाडी नॉर्वेच्या उत्तरेला समुद्रात पडली. अक्षांश-रेखांश उलटे: १७ उत्तर, ७३ पूर्व याचं ७३ उत्तर, १७ पूर्व झालं होतं. हा इतका नेहमीचा घोटाळा आहे की आता त्याचं काही वाटत नाही. रकाने अदलाबदल केले, वाडी घरी आली. चार ठिपके मात्र आफ्रिकेच्या पश्चिमेला, गिनीच्या आखातात राहिले. तिथे अक्षांश शून्य आणि रेखांशही शून्य. जगातल्या सगळ्या बेवारस ठिपक्यांची ती धर्मशाळा आहे. ते चार काढले.

मग उंचीचा रकाना. सॉफ्टवेअर म्हणे, हा मजकूर आहे, आकडे नाहीत. बघतो तर कुणीतरी काही ठिकाणी "११७.३ मी." असं प्रेमाने लिहिलेलं. रकान्यात एक जरी "मी." असला की अख्खा रकाना मजकूर ठरतो, आणि मजकुराच्या हिशेबाने ९ हा ११७ पेक्षा मोठा असतो, कारण पहिलं अक्षर मोठं. क्रम लावला तर सगळ्यात उंच जागा विहिरीचा तळ निघाली. हेही सुधारलं.

इथपर्यंत नुसती हमाली. खरी गंमत पुढे. सगळ्या ठिपक्यांवरून जमिनीचा आकार काढायला सांगितला, तर वाडीच्या मधोमध ब्याण्णव मीटरचा कडा उभा राहिला. अर्धी वाडी पाताळात, अर्धी सड्यावर! मोजणीच्या पहिल्या दिवशीचे सगळे ठिपके खाली होते आणि दुसऱ्या दिवशीचे वर.

पहिल्या दिवशी डीजीपीएस वापरलं होतं. उपग्रह जी उंची देतात ती समुद्रापासूनची नसते. पृथ्वीचा एक गुळगुळीत, गणिती, किंचित चपटा गोळा मानलेला असतो, त्याच्यापासूनची ती उंची. खरा समुद्र या गोळ्याशी जुळत नाही. गुरुत्वाकर्षण जिथे जरा कमी तिथे पाण्याची पातळी खाली जाते, आणि जगातला यातला सगळ्यात मोठा खड्डा आपल्याच शेजारी, श्रीलंकेच्या दक्षिणेला हिंदी महासागरात आहे, शंभर मीटरहून खोल. त्याचा उतार आपल्या किनाऱ्यापर्यंत येतो. त्यामुळे रत्नागिरीच्या पुळणीवर पाण्यात पाय बुडवून उभं राहिलात तर उपग्रहाच्या कच्च्या हिशेबाने तुम्ही उणे साठ-सत्तर मीटरवर असता. आपल्या मोबाइलमध्ये हा फरक बहुधा आधीच वजा करून दाखवतात म्हणून कळत नाही, एवढंच.

दुसऱ्या दिवशी यंत्र वेगळं होतं आणि मोजणीवाल्याने जुनी पद्धत वापरली होती: देवळाच्या पायरीला १०० मीटर धरायचं आणि बाकी सगळं त्याच्या तुलनेत. यात चुकीचं काहीच नाही, सगळे असंच करतात. पण एकाच पायरीला एक दिवस ८.१ आणि दुसऱ्या दिवशी १०० म्हणणाऱ्या दोन याद्या एकाखाली एक चिकटवल्या की कडा तयार होणारच.

म्हणजे "समुद्रसपाटीपासून" हे आपण जे बिनधास्त म्हणतो ते तरी काय असतं? भारतात ती सपाटी १९०९ साली ठरली. मुंबई, कारवार, मद्रास वगैरे नऊ बंदरांवर भरती-ओहोटीच्या नोंदी ठेवून सरासरी काढली आणि तिथून देशभर पट्टी धरत उंच्या नेल्या. त्या नऊंत कराचीही आहे. रत्नागिरी नाही, आपण मुंबई आणि कारवारच्या मध्ये.

पाण्याला मात्र यातल्या कशाशीच देणंघेणं नसतं. त्याला फक्त इथून तिथे उतार किती एवढंच कळतं. म्हणून मीही समुद्र सोडला आणि देवळाची पायरी १०० हेच धरलं. दोन्ही दिवशी मोजलेल्या पाच जागा सापडल्या. चार ठिकाणी फरक ९१.८८ ते ९१.९२ च्या दरम्यान. पाचवी जागा विजेच्या खांबाची, तिथे ९०.४. काकांना फोन केला. खांबाला दीड मीटरचा सिमेंटचा ओटा आहे, एक दिवस पट्टी ओट्यावर धरली, एक दिवस जमिनीवर. तो ठिपका बाजूला ठेवला, पहिल्या दिवशीच्या सगळ्या आकड्यांत ९१.९ मिळवले. कडा गेला.

आणि नऊ मीटरही गेले. टाकीची जागा ११७.३, सगळ्यात वरच्या घराचं जोतं ११४.९. फरक २.४ मीटर. त्या घरात एक काकू एकट्या राहतात, आणि खरं तर ही सगळी योजना ज्यांच्या डोक्यावरची कळशी उतरावी म्हणून सुरू झाली त्यात त्यांचा नंबर पहिला. दहा मीटर उतार असला तर नळाला बऱ्यापैकी जोर येतो. २.४ मध्ये, तीनशे मीटर पाइपाचं घर्षण वजा जाता, काकूंच्या नळाला करंगळीएवढी धार आली असती.

मग इंटरनेटवरच्या नकाशाने नऊ कुठून आणले? हे शोधण्यात एक अख्खा रविवार गेला. असे नकाशे बऱ्याचदा फेब्रुवारी २००० मध्ये एंडेव्हर या अंतराळयानाने केलेल्या रडार मोजणीवर उभे असतात. अकरा दिवसांची ती मोहीम. यानातून साठ मीटर लांब दांडा बाहेर काढला, टोकाला दुसरा अँटेना, आणि दोन डोळ्यांनी पाहावं तशी पृथ्वीवरच्या बहुतेक जमिनीची उंची मोजली. आधी नव्वद मीटरला एक ठिपका असा डेटा फुकट वाटला, पुढे आपल्याकडचा तीस मीटरचाही मिळू लागला. एवढा उपकारक डेटा जगात दुसरा क्वचितच असेल.

त्याच्या फाइली एकेका अंशाच्या चौकोनात मिळतात. आता रत्नागिरीची गंमत बघा: १७ अंशांची रेषा शहराच्या उत्तर भागातूनच जाते. मिऱ्या एका फाइलीत, भाट्ये दुसऱ्या. रत्नागिरीवर काही करायचं तर दोन्ही उतरवाव्या लागतात, आणि शेजारच्या फाइलींत कडेची एक ओळ सामायिक असते, म्हणून जोडल्या की १७ अंशांवरचा प्रत्येक ठिपका दोनदा येतो. त्यातला एक संच काढावा लागतो. शिवाय जिथे रडारला काही दिसलं नाही तिथे उणे ३२७६८ भरलेलं. शून्यापेक्षा हे किती प्रामाणिक! उणे ३२७६८ मीटरला कुणी समुद्र समजणार नाही. हे आकडे दोन-दोन बाइटांत साठवलेले असतात आणि ते उलट्या क्रमाने वाचले तर ८६ मीटरचा सडा २२०१६ मीटर होतो. असल्या चुका मला आवडतात, लांबूनच ओळखू येतात.

वाईट चुका म्हणजे पटण्यासारख्या. ते रडार पानांतून जमिनीपर्यंत पूर्ण पोचत नाही. दाट झाडी असली की ते जमीन आणि शेंडे यांच्या मधलं काहीतरी सांगतं. आमच्या टाकीच्या जागेला लागून पन्नास-साठ वर्षांची हापूसची कलमं आहेत. मुंबईकर मंडळी टाकी चक्क आंब्याच्या शेंड्यावर ठेवत होती. काही मीटर झाडांचे, उरलेली त्या डेटाची नेहमीची इकडची-तिकडची चूक. नऊ हा आकडा इतका शहाण्यासारखा दिसतो की कुणी शंका घेत नाही. (कोकण रेल्वेच्या मार्गाचा चढ-उतार याच डेटावरून काढून बघा. रत्नागिरीच्या अलीकडे करबुड्याला साडेसहा किलोमीटरचा बोगदा, तिथे गाडी डोंगर चढून उतरते. पुढे पानवल नदीवरचा ६४ मीटर उंचीचा पूल, तिथे ती थेट दरीत उडी मारते.)

दोन-चार मीटरांचं इतकं काय, असं वाटेल. आमच्याच जिल्ह्यात चिपळूणकरांना विचारा. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी बाजारपेठेत शिरलं, त्याआधी २००५ च्या २६ जुलैलाही शिरलं होतं. पूररेषा आखतात त्यात निळी रेषा साधारण पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या. रेषेच्या आत आलात की बांधकामावर निर्बंध. चिपळुणात या रेषांवरून केवढा वाद झाला! सपाट गावात उंचीचा एक मीटर इकडे-तिकडे झाला तर रेषा कित्येक घरं ओलांडून सरकते. तिथे कुठल्या ठिपक्याला शून्य म्हटलं आणि कुठल्याला झाड, हा वीकेंडचा विरंगुळा राहत नाही.

असो. आमच्या वाडीला आता टाकीसाठी दुसरी जागा हवी होती. पहिल्याच जागेवर उंच चौथरा बांधायचा तर खर्च वर्गणीबाहेर जात होता. नकाशावर सड्यावर आणखी आत १२२.६ ची जागा दिसत होती. म्हणजे वरच्या घरापेक्षा ७.७ मीटर. पण त्याआधी उरलेला कचरा काढायचा होता. प्रत्येक ठिपक्याची त्याच्या आसपासच्या ठिपक्यांशी तुलना करायची आणि पाच मीटरहून जास्त वेगळा निघाला तर संशयित, अशी साधी चाळणी लावली. तेवीस संशयित मिळाले. बारा ठिपके वाडीभर विखुरलेले, त्यातले बरेचसे आपले शून्यवाले. अकरा मात्र एकाच जागी, सड्यावर, आजूबाजूला ११८-११९ असताना ११२ च्या आसपास.

चाळणीला हे तेवीसही सारखेच. एक बटण दाबलं की सगळे गेले असते आणि सड्याचा नकाशा छान गुळगुळीत झाला असता. पण चुका सहसा एकमेकींना धरून बसत नाहीत. अकरा चुका शेजारी शेजारी, आणि सगळ्यांचं उत्तर जवळपास एकच? अंतराळयानाच्या डेटात तिथे काहीच नव्हतं, सरळ सपाट कातळ. फोन लावला.

"काका, देवराईच्या वरच्या अंगाला सड्यावर खड्डा आहे का काही?"

"खड्डा कसला रे, खाण ती. चिऱ्याची. आपल्या घराचा मागचा पडवीचा चिरा तिथलाच नाही का."

जांभ्याची खाण! साधारण २००४-०५ च्या सुमारास सुरू झाली, सहा-सात वर्षं चालली, मग बंद पडली. यान वरून गेलं तेव्हा तिथे खरंच सपाट कातळ होता. आता सात मीटर खोल, उभ्या भिंतींचा हौद आहे, जुलैत पाण्याने भरतो आणि पोरं तिथे जाऊ नयेत म्हणून गडगा घातलाय. नव्या टाकीपासून घरांकडे जाणारी पाइपाची सरळ रेष बरोब्बर त्याच्यावरून जात होती. ते अकरा ठिपके उडवले असते तर पाइपाची लांबी आणि खर्च सपाट कातळावरचा धरला गेला असता.

बारा काढले, अकरा ठेवले. पाइप आता खाणीला वळसा घालून जातो, सत्तर मीटर जास्त. ती जागा ज्यांची आहे त्यांच्याशी बोलणं माझ्या सॉफ्टवेअरच्या आवाक्याबाहेरचं होतं. ते काकांनी तीन संध्याकाळी चहा पिऊन जमवलं.

त्याआधी त्यांनी स्वतःची खात्री करून घेतली. गवंड्याची पाण्याने भरलेली पारदर्शक नळी घेऊन, दोन पोरांना हाताशी धरून, जुन्या जागेपासून काकूंच्या जोत्यापर्यंत टप्प्याटप्प्याने उतरत गेले. रात्री फोन आला.

"तुझा आकडा किती होता रे?"

"दोन पूर्णांक चार."

"माझा सव्वादोन," काका म्हणाले. "बरं, नव्या जागेचा पाया दसऱ्यानंतर खणतोय. रजा टाकून ठेव."