मनगटावरचं घड्याळ आणि आपली नाडी

ठाण्याच्या मासुंदा तलावाभोवती फिरणाऱ्यांच्या मनगटावर हल्ली पावलं नि नाडी मोजणारं घड्याळ दिसतं. कल्याण-डोंबिवलीत नोकरीला लागलेली मुलं तेच गावी आईवडिलांनाही आणून देतात. वापरावं, पण त्याची रीत समजून घ्यावी.

घड्याळाच्या पोटाशी हिरवा दिवा असतो. कातडीखालच्या रक्तावरून त्याचा उजेड किती परततो, त्यावरून ठोके मोजले जातात. स्वस्थ बसलं तर हिशेब बहुधा जमतो. हात हलला, पट्टा सैल पडला की बिघडतो. पावलं मोजतं ते हाताच्या हेलकाव्यावरून. डोक्यावरचा भारा दोन्ही हातांनी धरून चाललात तर पावलं कमी भरतील आणि बसल्या जागी सूप पाखडलंत तर वाढतीलही!

अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाने २०१७ साली अशी ७ यंत्रं तपासली. ठोक्यांत ६ यंत्रांची चूक ५ टक्क्यांच्या आत होती. खर्च झालेल्या उष्मांकांत मात्र सर्वांत बरं यंत्रही सरासरी २७ टक्के चुकलं. तेव्हा त्या आकड्यावर भाकरी कमी-जास्त करू नका.

गेल्या लावणीत सासूबाईंना धाप लागली. घड्याळात आकडा बरा होता. आम्ही तो बाजूला ठेवून दवाखाना गाठला, हे चांगलं झालं.

नाडी हातानेही मोजता येते. अंगठ्याच्या मुळाशी, मनगटावर दोन बोटं ठेवा. १५ सेकंद ठोके मोजा, चौपट करा. आणि छातीत दुखलं, घेरी आली, तर घड्याळ काहीही सांगो, डॉक्टरकडे जा.