एका मालिकेची किंमत

आईला रात्री आठची एकच मराठी मालिका पाहायची असते. बाकी टीव्ही तिला नको. केबल काढल्यावर त्या एका मालिकेसाठी ॲपचा अख्खा प्लॅन घ्यावा लागला. त्यात अनेक भाषांतले सिनेमे आहेत, मारधाडीच्या वेबसिरीज आहेत, कार्टून आहेत. तिच्या उपयोगाचं त्यातलं काही नाही, पैसे मात्र सगळ्याचे. आम्ही फुकट मागत नाही. ती मालिका तेवढी विकत द्या, एवढंच म्हणणं आहे.

*

२०१९चा फेब्रुवारी आठवतो. दूरसंचार नियामक ‘ट्राय’चे नवे दर लागू झाले आणि वाहिन्यांच्या छापील याद्या घरोघरी आल्या. शंभर वाहिन्यांपर्यंतच्या जोडणीचे जास्तीत जास्त १३० रुपये, जीएसटी धरून १५३ रुपये ४० पैसे. त्याच्यावर जी पैसे भरायची वाहिनी हवी, तिच्यापुढे खूण करायची. प्रत्येक वाहिनीसमोर तिची किंमत. पॅकमध्ये घालायची वाहिनी १९ रुपयांहून महाग नको, अशी मर्यादाही होती. गोंधळ खूप झाला, अनेकांची बिलं वाढली, लोक चिडले ते रास्तच होतं. तरी त्या कागदाने एक हक्क दिला होता: नको ते न घेण्याचा. क्रिकेट न पाहणाऱ्या घराला क्रीडा वाहिनी वगळता येत होती.

केबल सोडून ॲपवर आलेल्या माणसाला हा हक्क नाही. ट्रायचे दर-नियम केबल आणि डीटीएचसाठी आहेत. ॲपने किती पैसे घ्यावेत, कशाच्या गळ्यात काय बांधावं, यावर असा कुठलाच नियम नाही. सरकारने २०२१ साली ओटीटीसाठी नियम केले, पण ते काय दाखवावं आणि तक्रार कुठे करावी याबद्दलचे. किमतीचा विषय त्यांत नाही.

*

सिनेमा एकेकटा भाड्याने मिळतो. पैसे भरायचे, तीस दिवसांत सुरू करायचा, सुरू केला की बहुधा ४८ तासांत संपवायचा. सरळ व्यवहार आहे. रोजच्या मराठी मालिकेचा एक भाग, किंवा एका मालिकेचा महिना, असा विकायला ठेवलेला मला कुठे दिसला नाही. नाटकाला आपण एका प्रयोगाचं तिकीट काढतो. नाट्यगृहाचं वर्षाचं भाडं आपल्याकडून कुणी मागत नाही.

*

वर्षाचे पैसे भरायचे, पण वर्षभर काय मिळेल याची हमी नाही. एचबीओच्या मालिका ३१ मार्च २०२३ला हॉटस्टारवरून गेल्या. ‘गेम ऑफ थ्रोन्स’साठी ज्याने वर्षाचं सबस्क्रिप्शन घेतलं होतं, त्याचं सबस्क्रिप्शन चालू, मालिका गायब. त्या मे महिन्यात जिओसिनेमावर आल्या, म्हणजे दुसरीकडे पुन्हा पैसे. फेब्रुवारी २०२५मध्ये दोन्ही ॲप एक होऊन जिओहॉटस्टार झालं. कंपन्यांचे करार कंपन्यांनी करावेत. पण ज्या मालिकेच्या जाहिरातीवर वर्षाचे पैसे घेतले ती मध्येच काढली, तर उरलेल्या महिन्यांचे पैसे परत मिळायला हवेत. यात अवाजवी काहीही नाही.

*

जाहिराती. बऱ्याच घरांनी केबल सोडण्यामागे हे मोठं कारण होतं. १७ जून २०२५पासून प्राइम व्हिडिओवर भारतातही जाहिराती सुरू झाल्या. नको असतील तर वर्षाला आणखी ६९९ रुपये, असा दर तेव्हा ठेवला. आधी पैसे देऊन जाहिरातींपासून सुटका घेतली, आता तीच सुटका पुन्हा विकत घ्यायची.

*

गावाकडे मावशीच्या घरावर डीडी फ्री डिशची छत्री आहे. डिसेंबर २००४मध्ये डीडी डायरेक्ट प्लस या नावाने ही सेवा सुरू झाली. छत्री आणि बॉक्सचे पैसे एकदाच, महिन्याचं बिल नाही. मला ही योजना मनापासून आवडते. खाजगी वाहिन्या लिलावात जागा घेऊन तिच्यावर येतात आणि पुढच्या लिलावात जातातही. ही सेवा चालवणाऱ्या प्रसार भारतीने २० नोव्हेंबर २०२४ला गोव्यात, इफ्फी चित्रपट महोत्सवाच्या उद्घाटनात, ‘वेव्हज’ हे स्वतःचं ॲपही आणलं. पण आईची आठची मालिका या दोन्हीकडे नाही.

*

मनात आणलं तर सरकार नियम करू शकतं. २००७च्या कायद्याप्रमाणे राष्ट्रीय महत्त्वाच्या क्रीडा सामन्यांचं प्रक्षेपण प्रसार भारतीला द्यावंच लागतं, हक्क कुणाचेही असोत. म्हणूनच ज्याच्याकडे पैसे भरायची एकही वाहिनी नाही, त्यालाही भारताचे कितीतरी सामने दूरदर्शनवर पाहता आले.

*

‘टेलिग्रामवर सगळं मिळतं की,’ असं भाचा म्हणतो. मिळतं. मला ते नको. ‘तुझ्यात जीव रंगला’चं चित्रीकरण कोल्हापूरजवळ वसगड्यात व्हायचं. अशा मालिकेमागे लेखक, लाइटवाले, मेकअपवाले, स्पॉटबॉय अशा कितीतरी जणांचं घर चालतं. त्यांच्यापर्यंत माझे पैसे पोचावेत असं मला खरंच वाटतं. चोरीला कायद्याने शिक्षा आहेच आणि ती असावी. पण सरळ मार्गाने घेऊ पाहणाऱ्या माणसाला एवढं अडवलं की तो आडवाटेला लागतो, हे विकणाऱ्यांनीही पाहावं.

*

आईला ॲप चालवता येतं. अडतं ते लॉगिनपाशी. ॲप अधूनमधून आपोआप बाहेर पडतं, मग ओटीपी लागतो, तो माझ्या फोनवर येतो आणि मी त्या वेळी लोकलमध्ये असतो. तोवर भाग निम्मा संपलेला. पुढे पाहता येतो, पण तिला शेजारच्या काकूंबरोबर त्याच वेळी पाहायचा असतो. केबलच्या काळात तिला हे कुणाला विचारावं लागत नव्हतं. पैसे आम्ही भरतो आणि तिला मात्र परवानगी मागितल्यासारखं बसावं लागतं, याचा मला सर्वांत जास्त राग येतो.

*

प्लॅन घ्यायचं बटण मोठं आणि रंगीत. बंद करायची सोय तीन-चार पानं आत. ३० नोव्हेंबर २०२३ला केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने अशा फसव्या रचनांविरुद्ध मार्गदर्शक तत्त्वं काढली. त्यांतल्या तेरा प्रकारांत सबस्क्रिप्शनचा सापळा स्पष्टपणे नोंदलेला आहे. रद्द करणं मुद्दाम अवघड ठेवलं असेल, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार करता येते. आपोआप पैसे कापण्याबाबतही रिझर्व्ह बँकेचा चांगला नियम १ ऑक्टोबर २०२१पासून पक्का लागू आहे: कार्डावरून वा यूपीआयवरून नेहमीची रक्कम जाण्याआधी निदान २४ तास कळवायला हवं आणि ग्राहकाला ती थांबवता यायला हवी. यूपीआयने भरत असाल तर त्या यूपीआय ॲपमध्येच ‘ऑटोपे’ची यादी असते. ती उघडून चालू असलेली प्रत्येक मंजुरी बघा. नको ती तिथूनच रद्द होते.