तोफगोळ्यांना पुरून उरलेले चर्च

चेन्नईला गेलेला पर्यटक मरीना किनारा पाहतो, मैलापूरचे कपालीश्वर मंदिर पाहतो आणि कांजीवरम साड्या घेऊन परततो. फोर्ट सेंट जॉर्ज किल्ल्यातले सेंट मेरी चर्च मात्र बहुधा राहूनच जाते. सुएझच्या पूर्वेकडचे सर्वांत जुने अँग्लिकन चर्च म्हणून ते ओळखले जाते.

गव्हर्नर स्ट्रेनशॅम मास्टर यांच्या पुढाकाराने २५ मार्च १६७८ रोजी बांधकाम सुरू झाले. पैसा ईस्ट इंडिया कंपनीने नव्हे, तर किल्ल्यातल्या इंग्रजांनी वर्गणी काढून उभा केला. २८ ऑक्टोबर १६८० रोजी चर्च प्रार्थनेसाठी खुले झाले. काळ धामधुमीचा होता. आदल्याच वर्षी, १६७७ मध्ये, शिवाजी महाराजांनी जिंजी जिंकली होती.

या धामधुमीची खूण बांधकामातही दिसते. बाहेरच्या भिंती चार फूट जाड आहेत. छताला लाकडी तुळया नाहीत. आडवे पिंप मधोमध चिरून पालथे घालावे, तशा तीन भक्कम कमानदार छतांखाली प्रार्थनागृह आहे. तोफगोळा पडला तरी छत कोसळू नये आणि आग लागू नये, हा हेतू.

त्याची कसोटी लागली १७५८-५९ च्या वेढ्यात. फ्रेंच सेनापती लालीने किल्ल्यावर तोफा डागल्या, पण छत टिकले. निशाणा ठरू नये म्हणून मनोऱ्याचे टोक आधीच उतरवले होते.

चर्चच्या अंगणात पायाखाली कोरीव थडग्यांचे दगड पसरलेले दिसतात. पण त्यांच्याखाली कोणीही पुरलेले नाही! जुने कबरस्तान किल्ल्याबाहेर होते. वेढ्यात फ्रेंचांनी तिथल्या थडग्यांचा आडोसा घेतला. पुन्हा तसे होऊ नये म्हणून इंग्रजांनी ती थडगी पाडली आणि दगड इथे आणले. पुढे हैदरअलीशी युद्ध पेटले, तेव्हा १७८२ मध्ये हेच दगड उपटून तोफांखाली घातले गेले. एलिझाबेथ बेकर या इंग्रज स्त्रीचा १६५२ सालचा दगडही इथे आहे. ज्यांच्या नावाने दगड कोरले, त्यांची माती एकीकडे आणि नावे दुसरीकडे. युद्ध मेलेल्यांनाही सोडत नाही, हे इथे पुस्तकाविना कळते.

चर्चच्या नोंदवहीतही इतिहास आहे. अमेरिकेतल्या विद्यापीठाला ज्यांचे नाव मिळाले, त्या एलिहू येल यांचे लग्न इथे १६८० मध्ये लागले. रॉबर्ट क्लाइव्हचे लग्न झाले १७५३ मध्ये. कोलकात्याशी नाव जोडल्या गेलेल्या जॉब चार्नॉकच्या तीन मुलींचा बाप्तिस्मा १६८९ मध्ये इथेच झाला.

किल्ल्यात तामिळनाडूचे सचिवालय असल्याने दारावर तपासणी होते. ओळखपत्र जवळ ठेवा. जवळचे फोर्ट म्युझियमही त्याच फेरीत पाहून होते. अंगणात मात्र सावकाश चाला. पायाखालची नावे वाचण्याजोगी आहेत.