उपाशीपोटीचं इन्सुलिन

रिपोर्टात त्याची ओळ खाली असते. वर साखर. घरातल्या सगळ्यांची नजर आधी साखरेवर जाते, ती शंभराच्या आत दिसली की जीव भांड्यात पडतो आणि कागद घडी घालून कपाटात जातो.

माझी भाची एकोणीस वर्षांची. पाळी तीन-तीन महिने येत नव्हती, मान काळवंडली होती. तपासणीत उपाशीपोटी साखर ९५ आली. त्याखाली इन्सुलिन २२. लॅबने छापलेली मर्यादा २५ पर्यंतची, त्यामुळे त्या आकड्यापुढे ना बाण, ना ठळक अक्षर. डॉक्टरीणबाईंनी पेन मात्र तिथेच टेकवलं. तेव्हापासून माझी त्याच्याशी ओळख.

हे स्वादुपिंडातलं रात्रपाळीचं माणूस. आपण झोपलेलो असताना यकृत साठवणीतली साखर थोडी थोडी रक्तात सोडतं, कारण मेंदूला ती रात्रीही लागते. सोडणं हाताबाहेर जाऊ नये म्हणून हे जागं असतं. त्याची धार सलग नसते. दर पाच-दहा मिनिटांनी एक लाट येते, आणि रक्तात उतरलेलं निम्मं इन्सुलिन पाचेक मिनिटांत संपूनही जातं. सकाळी सुई टोचली तो क्षण लाटेच्या माथ्यावरचा होता की पायथ्याचा, हे कागद सांगत नाही. शिवाय एका लॅबचा आकडा दुसरीच्या आकड्याशी जुळेलच असं नाही. म्हणून त्याच्या एकट्याच्या साक्षीवर कुणाला मधुमेही ठरवत नाहीत. तो निवाडा साखरेचा आणि तीन महिन्यांच्या सरासरीचा: उपाशीपोटी १२६ किंवा एचबीएवनसी ६.५, आणि त्रास नसेल तर पुन्हा तपासून खात्री केलेली.

मग ते सांगतं काय? साखर ९५ वर ठेवायला किती राबावं लागलं, ते. शेजारच्या घरातल्या एखादीचीही साखर ९५ असेल आणि इन्सुलिन ६. तिच्या पेशी एका हाकेत दार उघडतात. भाचीच्या दारावर हे रात्रभर धडका देत उभं. दोघींच्या साखरेचा आकडा एकच, मेहनत जवळजवळ चौपट. १९८५ साली ऑक्सफर्डच्या संशोधकांनी यासाठी सोपं गणित मांडलं: दोन्ही आकड्यांचा गुणाकार करून ४०५ ने भागायचं. शेजारणीचं उत्तर येतं १.४, भाचीचं ५.२. असा भार वर्षानुवर्षं वाहून स्वादुपिंड थकतं तेव्हा कुठे वरची ओळ हलते, आणि घर जागं होतं.

इतक्या सूक्ष्म मात्रेतलं हे रक्तात मोजायचं कसं, हेच पूर्वी कोडं होतं. न्यूयॉर्कमध्ये रोझलिन यॅलो आणि सॉलोमन बर्सन यांनी किरणोत्सारी आयोडीनची खूण लावून ते मोजून दाखवलं. १९७७ साली यॅलोबाईंना नोबेल मिळालं. बर्सन १९७२ मध्येच गेले होते. त्या दोघांना मी मनोमन नमस्कार करते.

आपल्याकडे तर हे फार लवकर राबायला लागतं. पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नवजात बाळांच्या नाळेतलं रक्त तपासलं. इथली बाळं लंडनच्या गोऱ्या बाळांपेक्षा वजनाने कमी, तरी चरबीचा वाटा टिकून, आणि वजनाच्या मानाने इन्सुलिन चढं. ते वाचल्यापासून ‘बारीक आहे, हिला कसली साखर’ हे वाक्य माझ्या तोंडी येत नाही.

तपासणी झाली त्या दिवसापर्यंत माझी बहीण लेकीची मान बेसन-हळद लावून घासत होती. मळ निघत नाही म्हणून रागवायची. तो मळ नव्हताच. वाढलेलं इन्सुलिन कातडीलाही वाढायला लावतं, तिथली त्वचा जाड आणि काळी होते. डॉक्टरीणबाईंनी हे सांगितलं तेव्हा पोरगी रडली. बहीणही.

आता रात्री जेवण झालं की आम्ही तिघी कॉलनीला चार फेऱ्या मारतो. चालणाऱ्या पायांचे स्नायू इन्सुलिनची वाट न बघता साखर उचलतात, म्हणून जेवणानंतरच. भाची पुढे, आम्ही मागे. “मावशी, चल ना भरभर,” ती वळून म्हणते. केस वर बांधलेले असतात. आधी ती ते कधी बांधत नसे.