आजीच्या ओव्या आणि झीरो एरर्स

गेले चार वीकेंड घरात एक छोटा सर्व्हर उभा करण्यात गेले. सर्व्हर म्हणजे फार काही थोर नाही हो! एक सेकंडहँड डेस्कटॉप, ८ जीबी रॅम, ४ टीबीच्या दोन नव्या डिस्क आणि वर डेबियन. बायकोच्या भाषेत 'अजून एक खोकं'. (४ टीबीची डिस्क लावली की कॉम्प्युटर ३.६ च दाखवतो. दुकानदाराने फसवलेलं नसतं. डिस्कवाले हजाराने मोजतात आणि कॉम्प्युटर १०२४ ने.)

दोन्ही डिस्क झेडएफएसमध्ये मिरर करून लावल्या. ही फाइल सिस्टिम सन मायक्रोसिस्टिम्समध्ये जन्मली आणि २००५ मध्ये ओपन सोर्स झाली. तिची मला आवडणारी गोष्ट अशी, की ती डिस्कवर विश्वास ठेवत नाही. प्रत्येक ब्लॉक लिहिताना त्याचा चेकसम वेगळा नोंदवून ठेवते आणि वाचताना ताडून बघते. जुळला नाही तर दुसऱ्या डिस्कवरची चांगली प्रत घेऊन पहिलीवरची दुरुस्त करते. महिन्यातून एकदा 'स्क्रब' लावला की सगळा डेटा असा तपासून होतो.

हा खटाटोप कशासाठी? तर बाबांच्या जुन्या पीसीतल्या ४० जीबीच्या डिस्कसाठी. २००४ मध्ये बाबा रिटायर झाले आणि त्यांनी आजीच्या जात्यावरच्या ओव्या टाइप करायला घेतल्या. आजीला लिहिता येत नव्हतं, ओव्या सगळ्या तोंडपाठ. ती सांगायची, बाबा कागदावर उतरवायचे आणि रात्री एका बोटाने टाइप करायचे. अशा ३०० ओव्या झाल्या. आजी २००९ मध्ये गेली. कागद एका पावसाळ्यात भिजून गेले. म्हणजे जे काही उरलं ते त्या डिस्कवर, आणि डिस्क आता कट्‌कट्‌ वाजायला लागलेली.

अशा डिस्कवरून फाइली थेट कॉपी करत बसायचं नसतं. डीडीरेस्क्यू नावाचा प्रोग्रॅम आधी सहज वाचता येणारा भाग उचलतो, अडलेल्या जागांची नोंद ठेवतो आणि मग त्या जागी पुन्हा पुन्हा प्रयत्न करतो. एक रात्र आणि अर्धा दिवस लागला. काही सेक्टर गेले ते गेलेच, पण बाबांची फाइल अख्खी निघाली. नव्या डिस्कवर टाकली, स्क्रब लावला. निकाल : झीरो एरर्स!

आणि फाइल उघडली तर आत डॉलर, कंस, उलटीसुलटी इंग्रजी अक्षरं. ओवीचा पत्ता नाही.

खरं तर फाइल बिघडलेलीच नव्हती. बाबांचा पीसी विंडोज ९८ चा. युनिकोडमध्ये देवनागरी १९९१ च्या पहिल्या आवृत्तीपासून आहे, पण विंडोजमध्ये तिची सोय आली विंडोज २००० पासून. त्याआधीचे फाँट एक युक्ती करायचे : इंग्रजी अक्षराच्या जागी 'क'चं चित्र बसवायचं. फाइलमध्ये साठतं ते इंग्रजी अक्षरच. फाँट असला तर मराठी, नसला तर गिचमिड.

तो फाँट त्याच डिस्कवर सापडला. टाकल्यावर ओव्या दिसल्याही. बाबा म्हणाले, "दिसतंय की आता. मग अडलंय कुठे?" अडलंय असं, की ताईच्या मोबाइलवर ते दिसत नाही, शोधता येत नाही, आणि तो एक फाँट हरवला की सगळंच गेलं. म्हणून युनिकोड.

फाँटमधलं एकेक चित्र बघून तक्ता केला, सुमारे २०० ओळींचा, आणि पायथनमध्ये स्क्रिप्ट लिहिली. नुसती अदलाबदल करून भागत नाही. जुन्या फाँटात पहिली वेलांटी डोळ्यांना दिसते तशी, अक्षराच्या आधी साठवलेली असते. युनिकोडमध्ये ती अक्षराच्या नंतर. तीही एका अक्षरावरून उडी मारून चालत नाही, अख्खं जोडाक्षर ओलांडावं लागतं, नाहीतर 'रुक्मिणी'तली वेलांटी 'क्' आणि 'म'च्या मध्येच लटकते. (ओव्यांमध्ये रुक्मिणी किती वेळा येते विचारू नका!) रफाराचं बरोब्बर उलट : जुन्यात तो शेवटी, युनिकोडमध्ये आधी. आणि 'सासऱ्याला'मधला अर्धा र हा रफार नव्हेच. तो 'ऱ' वेगळा धरला नाही तर 'सासर्‍याला'चं रफारवालं 'सासर्याला' होऊन बसतं.

स्क्रिप्ट चालली. पण बरोबर चालली हे ठरवणार कोण? स्पेलचेकर आजीच्या 'म्हायेर'ला चूक म्हणतो आणि 'माहेर' सुचवतो. शेवटी दर रविवारी सकाळी बाबा शेजारी खुर्ची टाकून बसतात आणि मोठ्याने वाचतात. जिथे चाल अडखळते तिथे थांबतात. "अरे, आई असं नव्हती म्हणत," असं म्हणाले की मी मूळ फाइलमधले बाइट बघतो. बहुतेक वेळा तक्त्यातली एखादी नवी भानगड निघते. कधीकधी २००४ मध्ये बाबांच्याच बोटाखाली चुकलेलं काहीतरी निघतं, आणि ते त्यांना अजून आठवतं.

आतापर्यंत २१२ ओव्या तपासून झाल्या. मूळ फाइल आणि तो फाँट तसेच ठेवलेत. नवी प्रत साध्या टेक्स्टमध्ये, यूटीएफ-८. मिरर म्हणजे बॅकअप नव्हे (एका डिस्कवर डिलीट केलं की दुसरीवरूनही जातं), म्हणून एक प्रत ताईकडे नाशिकला आणि एक कागदावर.

चेकसम एवढंच सांगतो, की ठेवलं होतं तेच आहे. ते वाचता येतं का, हे त्याला ठाऊक नसतं. आपल्याकडे २००० च्या आसपास टाइप केलेल्या वंशावळी, आठवणी, पाककृती, स्मरणिका अशाच फाँटांत पडून असतील. 'बॅकअप घेतलाय' म्हणून निश्चिंत असाल तर आज त्यातली एक फाइल उघडून बघा. डिस्क पुन्हा विकत मिळते, तक्ता पुन्हा करता येतो. पण ओवी कुठे अडखळली हे ऐकून सांगणारा आमच्या घरात एकच माणूस आहे, आणि तो आता ७८ वर्षांचा आहे.

८८ ओव्या बाकी आहेत. त्यामुळे पुढचे काही रविवार बाकी सगळी कामं बंद.