मगरिब कधी?

आठवीच्या वर्गात अंटार्क्टिकाबद्दल बोलत होतो. भारताचं 'मैत्री' केंद्र तिथे १९८९ पासून आहे. मेअखेरीपासून जवळपास दोन महिने तिथे सूर्य उगवतच नाही. आमच्या बुलडाण्यात सोयाबीनच्या पेरणीची धांदल असते, तेव्हा तिथे मुक्कामी राहिलेली मोजकी माणसं घड्याळावर उठतात, हवामानाच्या नोंदी घेतात, पाळीपाळीने स्वयंपाकघर सांभाळतात.

एका मुलीने विचारलं, "सर, मग तिथे मगरिब कधी?"

मी म्हणालो, "जिथे रोज दिवस-रात्र होते अशा जवळच्या ठिकाणाच्या किंवा मक्केच्या वेळा धरायच्या, असं उलेमा सांगतात."

उत्तर बरोबर होतं. पण घरी येताना अब्बा आठवले. काचबिंदूने त्यांची नजर गेली, तेव्हा अम्मीच्या भांड्यांच्या आवाजावरून ते वेळ ओळखत. अम्मी गेल्यावर मला विचारायचे, "असर झाली का रे?" मी मोबाइलमधून मान वर न काढता म्हणायचो, "सांगतो." एकदा सांगायचंच राहिलं. अब्बा रागावले नाहीत. मगरिबच्या आधी त्यांनी गुपचूप कजा पढली.

त्यानंतर मी वेळेवर सांगू लागलो. पण अब्बांनी विचारणंच सोडलं होतं.