मृतांच्या शेजारचा चहा

अहमदाबादच्या लाल दरवाजा भागात ‘लकी’ नावाचे उपाहारगृह जुन्या कबरस्थानावर उभे आहे. टेबलांच्या मधोमध हिरव्या कबरी, भोवती लोखंडी कठडे. तेथे मस्काबन आणि चहा घेताना प्रथम आमचा घास अडखळला. भिंतीवर चित्रकार हुसेन यांनी भेट दिलेले चित्र आहे. दृष्टी मात्र कबरींवरील ताज्या फुलांकडेच वळत राहिली. ती रोज सकाळी वाहिली जातात. कबरी नेमक्या कोणाच्या, हे कोणी ठामपणे सांगत नाही. तरीही जागेसाठी त्या हलवल्या नाहीत. टेबलांनीच त्यांच्यामधून वाट काढली. अनोळखी मृतांना येथे नित्याचा शेजार लाभला आहे. आपण २ नोव्हेंबरला दफनभूमीत मेणबत्त्या लावतो. वर्षाचे उरलेले दिवस आपल्या घरात, आपल्या जेवणाच्या पंक्तीत, आपल्या माणसांचे नाव कितीदा निघते?